ह्यांनी आवळलेले नट

न्यूटन मीटर म्हणजे काय हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शिकावं लागलं. शाळेत मी विज्ञानात कायम काठावर पास. लग्न इंजिनिअरशी झालं, पण म्हणून ते ज्ञान काही मंगळसूत्राबरोबर गळ्यात येत नाही. ह्यांनी जन्मभर हत्यारं हाताळली आणि मी जन्मभर ह्यांच्या शर्टांवरचे ग्रीसचे डाग घासले, एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. अशी मी, गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी, कोलकात्याच्या मल्लिक बाजारातल्या एका दुकानात उभी राहून विचारत होते की ह्या मशीनला जोर किती.

मोटारीच्या चाकांचे नट सोडवायचं मशीन. बॅटरीवर चालतं, वायर नाही. दिसायला भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलसारखं, पण खटका दाबला की खडखड ठोके देत घट्ट बसलेला नट फिरवून काढतं. इंग्रजीत इम्पॅक्ट रेंच म्हणतात, बाजारात नुसतं ‘गन’. चाकं काढणारे दुकानदार ते वापरतात. घरी कोणी आणत नाही, आणि त्या दिवसाच्या दीड वर्ष आधीपर्यंत आमच्याही घरी त्याची कुणाला गरज नव्हती.

हे रेल्वेच्या वर्कशॉपात होते. बदलीवर म्हणून कोलकात्याला आलो ते इथेच राहिलो. गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये मुलगी लहानाची मोठी झाली, निवृत्तीनंतर बेहालाला फ्लॅट घेतला. गावी परत जाऊ म्हणता म्हणता मुलीला इथल्याच न्यू टाउनमध्ये नोकरी लागली, आणि गावाला जायचं ते राहूनच गेलं. आमच्याकडे एक छोटी गाडी आहे, अकरा वर्षांची. तिच्या बॉनेटला ह्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. दर सहा महिन्यांनी हे स्वतः पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायचे, म्हणजे टायर सारखे झिजतात. दुकानात अर्ध्या तासात होणारं काम, पण ह्यांना रविवारची अख्खी सकाळ लागायची. मी वरून हाका मारून थकायचे आणि पोहे गार व्हायचे.

आणि नट आवळायची पद्धत तर विचारूच नका. हाताने जेवढा फिरेल तेवढा फिरवायचा, मग पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभं राहायचं. वर आणखी एक झोका. मी म्हणायचे, अहो, चाक आहे, तिजोरी नाही. एकदा पंक्चर काढायला कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गेलो, तर त्या बिचाऱ्याला पान्यात लोखंडी पाइप घालून लटकावं लागलं. घाम पुसत त्याने विचारलं, “किसने कसा है ये?” ह्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ही गोष्ट मी त्यानंतर किमान पन्नास वेळा ऐकली असेल, जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे.

मग झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा लवकर परत आली, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, हात मात्र मागे राहिला. रिकामा कप उचलतो, भरलेला नाही. शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं. त्या हाताला जाणीवही कमीच, चहा गरम आहे की गार हे डाव्या हाताने बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, व्यायाम सोडू नका. कधी येईल ते कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मला न सांगता हे खाली पार्किंगमध्ये गेले. चाकं बदलायची राहिली होती ना. पाना लावला, हाताने जमेना, म्हणून सवयीने पाय ठेवून उभे राहिले, आणि पडले. शेजाऱ्यांच्या ड्रायव्हरने आणि वॉचमनने दोन्ही बगलांत हात घालून वर आणून सोडलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. मी संतापून काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

त्या दिवसानंतर खाली जाणं बंद. गाडी पुसणं बंद, इंजिन चालू करून बघणं बंद. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, आणि हे दारात येऊन म्हणाले, “गाडी विकून टाक.” टाकू या नाही, टाक. जणू गाडी माझीच होती, ह्यांचा काही संबंध नाही. मी म्हटलं बघू. पोळी तव्यावर करपली. मला खरंच भीती वाटली. आज गाडी सोडली, उद्या व्यायाम सोडतील, परवा पेपर वाचणं. माणूस असा एकेक गोष्ट खाली ठेवत जातो आणि आपण नुसतं बघत राहतो. ते मला बघायचं नव्हतं.

हे मशीन सुचवलं मुलीने. ती न्यू टाउनच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काय करते ते मला नीट सांगता येत नाही, पण कुठलाही प्रश्न आला की तिचा तक्ता तयार. तिने मोबाइलवर दहा मशीनांचा तक्ता पाठवला. टॉर्क इतका, व्होल्ट इतके, बॅटरी किती वेळ चालते, मोटर कसली. टॉर्क म्हणजे पिळायचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात, हे तिने मला फोनवर तीनदा समजावलं. शेवटी म्हणाली, “आई, ऑनलाइन मागव ना, यू डोन्ट हॅव टू अंडरस्टँड इट.” मी म्हटलं, साडी घेतानासुद्धा मी पदर हातात घेतल्याशिवाय घेत नाही. तिचं मराठी हल्ली असं अर्ध्यावर संपतं, आणि माझा धीरही.

तेव्हा पितृपक्ष चालू होता. त्यात नवी वस्तू घरात आणायची नाही, म्हणून घटस्थापनेपर्यंत थांबले. सकाळी घट बसवला, ह्यांना सांगितलं की पूजेच्या साड्या बघून येते, आणि दोन बस बदलून मल्लिक बाजार गाठला. तिथे मोटारीचे सुटे भाग मिळतात, अख्खी मोटार सुटी करून टांगावी इतके. दुर्गापूजा तोंडावर, त्यामुळे सगळी घाई. पंचविसेक वर्षं इथे राहून माझं बंगाली भाजीबाजारापुरतंच आहे, म्हणून मी हिंदीवर आले.

दुकानदार वयस्क होता, सभ्य. त्याने काउंटरवर दोन गन ठेवल्या. एक लहान, दीड किलोची, तीनशे न्यूटन मीटर. दुसरी दांडगी, बॅटरी लावून तीन किलोच्या आसपास, सातशे न्यूटन मीटर. मग मला मावशी करत विचारलं, “माशीमा, चलाएगा कौन?”

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. समोर परका माणूस, पुन्हा कधी भेट होणार नाही, लाजायचं काय कारण? पण तोंडातून निघालं ते भलतंच. “मेरे हसबंड. बहुत ताकत है उनके हाथ में.”

तो म्हणाला, छोट्या गाडीच्या नटाला शंभरेक न्यूटन मीटर पुष्कळ होतात, ही लहान गन आरामात काढेल, हलकी आहे, हीच न्या. मला रागच आला. म्हटलं, तुम्हाला माहीत नाही ते कसे आवळतात. टायरवाल्याची गोष्ट त्यालाही सांगितली. हो, मी. जी गोष्ट ऐकून माझे कान किटले होते ती मी मल्लिक बाजारात उभी राहून हातवारे करत सांगितली, पाइपसकट. तो हसला आणि त्याने मोठी गन माझ्या हातात दिली. मी दोन्ही हातांनी धरली. जड वाटली नाही. कशी वाटेल? दीड वर्ष मी ह्यांना पलंगावरून उठवतेय, न्हाणीघरात बसवतेय. माझे दंड आता हमालासारखे झालेत, तीन किलो म्हणजे काहीच नाही.

मी सातशेवाली घेतली. सोबत नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या जाड काळ्या गोट्या, म्हणजे सॉकेट, कारण साध्या गोट्या ठोक्यांनी तडकतात म्हणे. दुकानदाराने बजावलं, न वापरता सात दिवसांत आणलीत तर बदलून देईन, मात्र षष्ठीपासून दुकान बंद.

घरी येऊन खोका ह्यांच्या पुढ्यात ठेवला. हे आधी खोक्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. चष्मा लावून वरचं सगळं वाचलं. “सातशे,” म्हणाले. मग हसले. जूननंतर पहिल्यांदा. “माझ्या नटांना सातशे लागतीलच. लहान घेतली असतीस तर चाललीच नसती.” पाठोपाठ मुलीला फोन. तुझ्या आईने बघ काय निवड केली, तुमच्या त्या तक्त्यांना काही कळत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, चांगलं वाटलं म्हणून.

मी खोका उघडायला गेले तर म्हणाले, थांब. घटस्थापनेला हत्यार घरात आलंय. आता घटाशेजारी ठेव, खंडेनवमीला पूजा, दसऱ्याला चालू. ह्यांचा हा नेम मोडत नाही. वर्कशॉपात बंगाली मंडळी विश्वकर्मा पूजेला मशीनं पूजायची, त्या दिवशी हे तिथला प्रसाद खायचे, आणि नवमीला घरी पाटावर आपले पाने आणि पक्कड मांडून झेंडूचा हार घालायचे. पाटावर गेलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. मीही हौसेने खोका पाटावर ठेवला आणि वर हळदकुंकू वाहिलं.

तिसऱ्या दिवशी घटाभोवती सांडलेलं पाणी पुसायचं होतं. एका हातात फडकं, म्हणून खोका दुसऱ्या हाताने उचलला. मनगट वाकडं झालं. खोका कसाबसा पाटावर टेकवला आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. भरलेला कप न उचलणाऱ्या माणसासाठी मी हे आणलं होतं. दुकानात माझ्या डोळ्यांपुढे पान्यावर पाय देऊन उभा राहणारा माणूस होता. मी त्याच्यासाठी खरेदी केली, आणि घरी जो आहे त्याचा विचारच केला नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती.

पंचमीपर्यंत दोन-तीन दिवस हातात होते. मी म्हटलं, “अहो, जरा काढून हातात घेऊन तर बघा.” हे म्हणाले, “घटाशेजारची वस्तू मध्येच उचलतात का कधी? तू असं म्हणतेस?” सासूबाईंनीसुद्धा इतक्या शांतपणे मला कधी गप्प केलं नव्हतं. दुकानाला फोन केला. अडला हरी, काय करणार. दुकानदार म्हणाला, आणा, लहान देतो, पण पंचमीपर्यंतच.

गन बदलायची तर ह्यांना सांगायला हवं. आणि काय सांगायचं? की तुम्हाला ही उचलणार नाही? ज्या माणसाला एवढ्यासाठी हे मशीन आणून दिलं की त्याला तसं वाटू नये, त्यालाच? दुपारी हे झोपले की गुपचूप बदलून आणावी, असंही मनात आलं. पण खोक्यावर सातशे लिहिलेलं, आणि ते दहा वेळा वाचून झालेलं. लहान आणली असती तर मी ह्यांना कशी बघते ते ह्यांना त्याच क्षणी कळलं असतं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, “आई, बाबांना सरळ सांग ना.” मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, मीटिंग आहे.

हे मात्र खुशीत. मशीनची पुस्तिका तेवढी खोका पाटावर जायच्या आधीच काढून घेतली होती, ती घेऊन बसायचे. मला शिकवायचे की गनने नट फक्त सोडवायचे, आवळायचे हातानेच, नाहीतर आटे जातात. व्यायामाची रबरी चेंडूची कंटाळवाणी कसरत आता न सांगता व्हायला लागली, सकाळ-संध्याकाळ. मोजत मोजत. “दसऱ्यापर्यंत मूठ तयार पाहिजे,” म्हणायचे. मी मान डोलवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. पंचमी आली आणि गेली, षष्ठीला आमच्या इमारतीखालच्या दुर्गापूजेच्या मंडपात ढाक, म्हणजे इथले पूजेचे ढोल, वाजायला लागले, आणि दुकान बंद झालं.

दसऱ्याला सकाळी आपट्याऐवजी कांचनाची पानं आणली, इथे तीच मिळतात. बॅटरी चार्ज केली. दुपारी जेवण झाल्यावर हे धुतलेला शर्ट घालून तयार. लिफ्टने खाली गेलो. गन मी घेतली, बसायला स्टूलही. मंडपात बायका देवीला निरोप द्यायला जमत होत्या, पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. हे पुढच्या डाव्या चाकापाशी स्टुलावर बसले. चार महिन्यांनी गाडीला हात लावला, बोटाला लागलेली धूळ माझ्याकडे बघत पुसली. मी गन हातात दिली.

उजव्या हाताची मूठ मिटलीच नाही. डाव्या हाताने प्रयत्न केला. गन वर आली, थरथरली, गोटी नटावरून घसरली आणि चाकाला पांढरा ओरखडा पडला. पुन्हा केलं. पुन्हा ओरखडा. मी म्हटलं, बॅटरीच जड आहे मेली. हे म्हणाले, “खालून जरा हात लाव. नुसता आधार.”

मी ह्यांच्या मागून वाकून एक हात बॅटरीखाली लावला. ह्यांनी उजवा हात मुठीवर ठेवला, खटक्यावर बोट. त्या बोटावर मी माझं बोट ठेवलं आणि गोटी नटावर बसवली. दाबलं. खडखडाट झाला, नट हलला, आणि एकदम सुटला. “बघ,” हे म्हणाले. “आली की नाही ताकद.” मी म्हटलं, आली. दुसरा नट. तोही सुटला. हे हसत होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मला वाटलं, असू दे. चारच नट तर आहेत. कुणाचं काय जातंय.

तिसऱ्या नटाला घाम डोळ्यांत गेला. हे सवयीने उजवा हात काढून बाहीने डोळे पुसायला लागले. गन नटावर तशीच राहिली. खाली आली नाही, हललीसुद्धा नाही, आणि खडखड चालूच. ह्यांच्या डोळ्यांदेखत तिसरा नट फिरत फिरत बाहेर आला आणि फरशीवर पडला. तेव्हा कुठे मला खटका सोडायचं सुचलं.

ढाकांचा आवाज तेवढा येत होता.

“कधीपासून?” ह्यांनी विचारलं.

खोटं बोलायला मी काही कच्ची नाही. घटस्थापनेपासून तेच करत होते. पण जमलं नाही. म्हटलं, “पहिल्यापासून.”

हे आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मी पाठीत वाकलेली, हातात तीन किलो. वाटलं, आता म्हणतील गाडी विकून टाक. ते म्हणाले असते तर मी दुसऱ्याच दिवशी विकली असती.

ह्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि परत मुठीवर आणून ठेवला. बोटं मिटेनात, तर ती एकेक करून वाकवली, माझ्या हाताखाली.

“एक राहिलाय,” म्हणाले. “दाब.”

मी दाबलं.